स्वर्गातले बंड आणि स्वयंपाकघरातला रॉजर

देव-दैत्यांच्या लढाया म्हणजे जेत्यांनी लिहिलेला इतिहास, हे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त सांगून टाकले. वामन कपटी आणि बळी आमचा राजा, ही मांडणी ज्यांना पटली त्यांना फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबरीत्रयीचे (१९९५ ते २०००) फारसे नवल वाटणार नाही. मिल्टनच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधला स्वर्गातला संग्राम पुलमन यांनी उलटा करून पाहिला. त्यांचा ईश्वर निर्माता नाहीच. तो केवळ पहिला देवदूत. मागून आलेल्यांना 'मीच तुम्हाला घडवले' अशी थाप मारून तो सिंहासनावर बसला. (कोण मुखातून जन्मले आणि कोण पायांतून, ही थाप आमच्याही परिचयाची आहे!) त्याच्याविरुद्धचे बंड स्वर्गाच्या राज्याऐवजी स्वर्गाचे प्रजासत्ताक मागते. आणि तो जराजर्जर ईश्वर कोणाच्या तलवारीने मरत नाही. दोन मुले त्याला स्फटिकाच्या पालखीतून हात देऊन बाहेर काढतात, तोच तो वाऱ्यात विरून जातो. २००७ च्या चित्रपटात धर्मसंस्थेवरची टीका बोथट केली गेली, ती उगाच नव्हे.

आमचे मन अडते ते मात्र दुसरीकडे. बंडाचा सेनापती लॉर्ड ॲस्रिएल हा उमराव. दुसऱ्या विश्वाची वाट उघडण्यासाठी तो जीव घेतो रॉजरचा, स्वयंपाकघरात राबणाऱ्या पोराचा. प्रजासत्ताकाच्या पायात पहिला कोण गाडला जातो, हे आम्ही नाही विचारायचे तर कोणी? रॉजरची क्षमा मागायला मृतांच्या प्रदेशात उतरते ती लायरा. ॲस्रिएल नव्हे.