सोप्यातली तसबीर : छाप ओळखायची कशी?

निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत सोप्याला लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर बहुतेकांनी पाहिलेली असते. वाडा उतरवताना ती एकतर भंगारात जाते, नाहीतर 'ओरिजिनल रवी वर्मा' म्हणून कुणीतरी उचलून नेतो. दोन्हीत नुकसान आपलंच. म्हणून छापचित्र हातात आलं की काय पाहायचं, ते या टिपणात मांडलं आहे.

आधी थोडं मागं जाऊ. छापकामाचा एक जुना धागा आपल्या शेजारच्या मिरजेतच आहे. सर चार्ल्स मॅलेट पुण्यात इंग्रजांचा वकील असताना नाना फडणविसांनी एका तांबटाकरवी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरवून गीता छापण्याचा बेत केला होता. मॅलेट 1797 साली गेला, 1800 मध्ये नाना वारले आणि काम अर्धवट राहिलं. पुढं तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि 1805 साली तिथं गीता छापून झाली. भांडी घडवणाऱ्या हातांनी हे केलं! त्याच काळातला गंगाराम तांबटही याच जातीचा. त्यानं वेरूळ-कार्ल्याची लेणी कागदावर रेखाटली.

तांब्याच्या पत्र्यावरची छाप ओळखायला सोपी असते. पत्र्यात रेघ खोल असते, ती हत्यारानं कोरलेली असो वा आम्लानं खाल्लेली (यालाच एचिंग म्हणतात). त्या खाचेत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून जबर दाब द्यायचा. त्यामुळं चित्राभोवती पत्र्याच्या कडेची चौकोनी दबलेली खूण उमटते आणि बोट हळूच फिरवलं तर शाई किंचित वर आलेली जाणवते. लाकडी कोरीव ठशाचं उलटं. तिथं उंच राहिलेला भाग छापतो, पत्र्याची खूण नसते. 1842 साली सुरू झालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मधली चित्रं अशीच. त्या अंकांची पानं सुटी करून, वर नंतर हातानं रंग भरून विकली जातात. पान खरं, रंग मात्र आजचा. मागल्या बाजूला इंग्रजी मजकूर दिसला तर ते साप्ताहिकाचं पान आहे एवढं समजावं आणि भाव त्या हिशोबानं करावा.

आता आपल्या घरातल्या तसबिरीकडं. रवी वर्मांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, 'शकुंतलाजन्म' ही पहिली छाप. प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढं फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. पुण्याची चित्रशाळा तर त्याआधीच, 1878 पासून, शिळाछापाची चित्रं काढत होती. या छापांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि मूळ तैलचित्रावरून दगडावर रेखाटणारे कारागीर निराळे असत. त्यामुळं काटेकोर अर्थानं ही चित्रकाराची 'मूळ मुद्राचित्रं' नव्हेत. चित्रकारानं स्वतः पत्रा किंवा ठसा केला, मोजक्या प्रती काढल्या, खाली पेन्सिलीनं सही आणि 7/25 असा आकडा घातला, ते मूळ मुद्राचित्र. (पेन्सिलीच्या सहीची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली, त्याआधीच्या छापेवर सही नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.) तसबिरीतली रवी वर्मांची सही ही चित्रासोबत छापलेली असते, बरं का. तिच्यावर पैसे मोजू नयेत. पण म्हणून तसबीर बिनमोलाची होत नाही. जुनी शिळाछाप आणि परवाचं कॅलेंडर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तो फरक दहापट भिंगातून दिसतो. ऑफसेटच्या छापेत ठिपके एका जाळीत, रांगेनं बसलेले असतात. शिळाछापेत ते वेडेवाकडे, हातानं टोचल्यासारखे, एकावर एक रंग चढलेले. चेहऱ्याच्या सावलीत पाहा, तिथं लगेच कळतं. काही जुन्या छापांवर वार्निश असतं, तर काहींवर घरच्या बायकांनी जर आणि टिकल्या लावून देवीला साडी नेसवलेली असते. ती काढू नका! त्या घराचा इतिहास तोच.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र फ्रेमवाला करतो. चौकटीत बसावं म्हणून तो कागदाची कड छाटतो, आणि छापखान्याचं, प्रकाशकाचं नाव नेमकं त्या खालच्या कडेवरच असतं. 'रवी वर्मा प्रेस, कार्ला लोणावळा' किंवा मुंबईच्या अनंत शिवाजी देसाईंचं नाव कडेवर मिळालं, तर चित्राचा काळ-वेळ सांगता येतो. कड गेली की सगळा अंदाजच. नवी चौकट करायची असेल तर समोर उभं राहून करून घ्यावी.

आपल्याकडचा पावसाळा कागदाला वाईट. काच चित्राला टेकू देऊ नये, मधे जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवावी. मागची लाकडी फळी कागद तांबूस करते, ती बदलावी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टी तर कधीच नकोत. बुरशीचे डाग दिसले तरी ओल्या फडक्यानं पुसू नयेत, सावलीत कोरडं होऊ द्यावं. आणि मागच्या नव्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवावं : कोणत्या गावचं, कोणाच्या घरातलं, कोणत्या भिंतीवर होतं, कधी काढलं.