पाहुण्यांचं वायफाय खरंच वेगळं आहे का?

घरी शिकवणीची मुलं येवोत की ईदचे पाहुणे, आपण सर्वांना एकच पासवर्ड देतो. मग त्यांचे मोबाईल आपल्या प्रिंटर-कॅमेऱ्याच्याच नेटवर्कवर येतात. 'गेस्ट नेटवर्क'मधून मात्र फक्त इंटरनेट मिळतं.

खरी गोम वरच्या मजल्यावर. तिथला दुसरा राउटर आपण केबलने जोडून ॲक्सेस पॉइंट किंवा ब्रिज मोडवर ठेवतो. ते बरोबरच, आयपी पत्ते खालचाच राउटर वाटतो, प्रिंटर दोन्हीकडे सापडतो. पण या मोडमध्ये बऱ्याच साध्या राउटरचं गेस्ट नावापुरतंच उरतं, पाहुणा थेट घरच्या नेटवर्कमध्ये!

तपासून बघा. घरच्या वायफायवर प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याचं पान उघडा, मग वरच्या गेस्टवरून तेच करा. उघडलं तर ते गेस्ट बंद करून पाहुण्यांना खालच्या राउटरचं द्या.