ताणलेली दोरी

पहाटेच्या वेळी कोणत्याही मोठ्या शहरातील वसाहतीत एक दृश्य हमखास दिसते. पुढे कुत्रा, मध्ये ताणलेली दोरी आणि मागे जवळजवळ फरफटत जाणारा माणूस. हा माणूस कुत्र्याचा मालक असतोच असे नाही. पुष्कळदा पगारावर ठेवलेला एखादा मुलगा, पहारेकरी किंवा घरकाम करणारी बाई ही कामगिरी पार पाडत असते. कुत्र्याचा घसा घरघरतो, माणसाचा खांदा दुखून येतो. "फार हट्टी आहे हो," असे अर्ध्या कौतुकाने सांगितले जाते. हा खरोखरच हट्ट असतो काय?

कुत्र्याची स्वाभाविक चाल माणसाच्या चालीपेक्षा जलद असते. वाटेवरचा प्रत्येक खांब आणि गवताचा प्रत्येक झुबका त्याला वासाच्या रूपाने काहीतरी सांगत असतो. तिकडे जाण्यासाठी तो ओढतो आणि ओढल्यावर तेथे पोहोचतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर सुटकेसाठी नाना धडपडी करी. त्यांपैकी ज्या कृतीने दार उघडे, तीच कृती ते पुढच्या खेपांना अधिकाधिक लवकर करू लागे. ज्या कृतीचे फळ मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, असा त्याचा अर्थ. दोरी ओढल्यावर कुत्र्याला दहा पावले पुढे जाता येत असेल, तर त्याला ओढण्याचे शिक्षण आपणच देत असतो. आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या लांब दोऱ्या बाजारात मिळतात, त्यांचाही दोष हाच आहे. त्यांत ताण कायम राहतो आणि ओढले की दोरी सुटत जाते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नाचे उत्तर धाकात शोधले गेले. कोनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने १९१० साली श्वानशिक्षणावर पुस्तक लिहिले. पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांसाठी घडलेल्या त्या पद्धतीत सक्तीला मोठे स्थान होते. तीच पद्धत पुढे घरोघरी पोहोचली. ओढताच गळ्याभोवती आवळणारी 'चोक चेन' आणि आतल्या बाजूला बोथट दाते असलेला पट्टा ही तिची साधने. वेदना होते म्हणून कुत्रा थांबतो, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या गळ्याला आपण झटका देतो, त्यात श्वासनलिका, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. साध्या गळपट्ट्यावर ओढ बसली असता तो दाब लक्षणीय वाढला. छातीभोवतीच्या पट्ट्यावर तो तसा वाढला नाही. साध्या पट्ट्याची ही कथा, तर फास बसणाऱ्या साखळीविषयी वेगळे काय सांगावे! शिवाय समोरून दुसरा कुत्रा येत असताना गळ्याला कळ बसली, तर त्या कळेचा दोष कुत्रा समोरच्या प्राण्यावर ठेवू शकतो. भुंकणे मग वाढतच जाते. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर तर वेल्समध्ये २०१० सालीच बंदी आली.

मग गळ्यावर भार न टाकता कुत्र्याला आवरावे कसे? याचे एक उत्तर आपल्या शेतकऱ्याला जुने आहे. बैलाला गळ्याने ओढून वळवता येत नाही. म्होरकी धरली की डोके वळते आणि डोक्यामागे धड येते. कुत्र्यांसाठी १९८० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा येथे पशुवैद्य आर. के. अँडरसन आणि प्रशिक्षक रूथ फॉस्टर यांनी असेच साधन तयार केले. त्याला 'हेड कॉलर' म्हणतात. एक मऊ फीत नाकावरून जाते, दुसरी कानांमागे बसते आणि दोरी हनुवटीखाली अडकवतात. रस्त्यावरचे लोक त्याला मुसके समजून दूर सरतात, हा त्याचा एक गमतीचा परिणाम. प्रत्यक्षात कुत्रा त्यातून धापू शकतो, पाणी पिऊ शकतो आणि चावूही शकतो. मात्र बऱ्याच कुत्र्यांना नाकावरची फीत आवडत नाही. ती चार-सहा दिवस घरीच, खाऊ देत देत, अंगवळणी पाडावी लागते. ती लावून झटका दिल्यास मान मुरगळते. पगसारख्या आखूड तोंडाच्या कुत्र्याला ती बसतच नाही.

दुसरे साधन म्हणजे छातीभोवतीचा हार्नेस. पण येथे एक मेख आहे. ज्याची कडी पाठीवर असते तो हार्नेस ओढ कमी करत नाही. बर्फावरची घसरगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांना जुंपतात तेही हार्नेसमध्येच, आणि ओढीचा भार छातीवर आरामात पडावा म्हणूनच! त्यामुळे दुकानातून नवा हार्नेस आणल्यावर कुत्रा दुप्पट जोराने ओढू लागला, ही तक्रार खोटी नसते. ओढ कमी करण्यासाठी कडी छातीच्या मध्यभागी असावी लागते. कुत्रा पुढे झेपावला की दोरीचा ताण त्याचे अंग बाजूला, आपल्या दिशेने वळवतो. पुढे जाण्याचा जोर वाया जातो आणि कुठेही कळ येत नाही. पट्टा खांद्याच्या सांध्यावर आडवा येऊ नये, काखेत घासू नये आणि त्याखाली दोन बोटे सहज जावीत, एवढे पाहून घ्यावे.

तरीही ही साधने कुत्र्याला शिकवत नाहीत. ती फक्त शिकवण्यापुरती उसंत देतात. शिकवायचे असते ते असे: दोरी ताणली की आपण जागच्या जागी उभे राहायचे. ओढायचे नाही, ओरडायचे नाही. कुत्रा वळून पाहील, दोरी सैल पडेल. त्या क्षणी पुन्हा चालू लागायचे. तो गुडघ्याजवळ चालत असताना अधूनमधून हरभऱ्याएवढा खाऊ द्यायचा. घरातील एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने ओढू द्यायचे, असे झाले तर मात्र कुत्रा अधिकच चिवटपणे ओढतो.

आवरत नाही म्हणून फिरायला नेणेच बंद झालेले कुत्रे कितीतरी आहेत. ते दिवसभर गच्चीत किंवा जिन्याखाली बांधलेले असतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या आपल्या कायद्यात, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. सदैव बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हाही. अशा कुत्र्याला पुन्हा रस्त्यावर आणताना पहिले काही दिवस अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोहोचणे होत नाही. फिरवणारा माणूस पगारी असेल आणि त्याला पुढे आणखी तीन घरची कामे असतील, तर तो अर्धा तास त्याला मालकानेच द्यायला हवा.