‘मी फक्त कोड लिहिला’

शेअर बाजारासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये एक समज पक्का आहे: आम्ही सांगितलेलं लिहून देतो, त्यातून कुणाचे पैसे बुडाले तर ते मालकाचं पाप. न्यूयॉर्कच्या न्यायालयात हा बचाव टिकला नाही.

बर्नार्ड मॅडॉफ गुंतवणूकदारांना न झालेल्या सौद्यांची विवरणपत्रं पाठवत असे. ती तयार करणारे प्रोग्रॅम जेरोम ओहारा आणि जॉर्ज पेरेझ यांनी लिहिले. २००६ मध्ये दोघांनी यापुढे खोट्या नोंदी करायला नकार दिला. मात्र कुठे तक्रार केली नाही. उलट पगारवाढ आणि बोनस घेतला. २०१४ मध्ये दोघे दोषी ठरले, अडीच-अडीच वर्षांची कैद झाली. या खटल्यातली मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच: नकार देण्याइतकं त्यांना कळत होतं आणि तरी ते गप्प राहिले.

म्हणजे ग्राहकानं गैरवापर केला की प्रोग्रॅमर गुन्हेगार, असं मात्र नाही. बनावट ऑर्डरी टाकणाऱ्या नविंदर सराओला सॉफ्टवेअर करून देणाऱ्या शिकागोतल्या प्रोग्रॅमरवर खटला चालला. एका आरोपातून न्यायाधीशांनीच त्याला मुक्त केलं, उरलेल्यांवर ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि २०१९ मध्ये सरकारनं खटला मागे घेतला. ग्राहकाचा हेतू त्याला ठाऊक होता का, यावरच सगळं अडलं होतं.

दुसरा समज जास्त घातक आहे: लबाडी नसेल तर नैतिकतेचा प्रश्न येत नाही, बग काय कुणाकडूनही होतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाली कंपनीनं सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला होता. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच होता. तो जागा झाला आणि ऑर्डरींमागून ऑर्डरी सोडत राहिला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेनं काहीतरी चुकल्याची सूचना देणारे ९७ ईमेल पाठवले होते. त्यांवर कुणी हललं नाही. चढवलेला कोड दुसऱ्या कुणी तपासलाही नव्हता. कंपनी वर्षभरात दुसरीत विलीन झाली. याला नुसता बग म्हणणं मला मान्य नाही. मेलेला कोड काढायचा राहिला, तपासणीला फाटा मिळाला, इशारे वाचले गेले नाहीत. यातली एकही गोष्ट यंत्राच्या हातची नव्हती.

आपल्याकडे दलालांना अल्गो, म्हणजे आपोआप ऑर्डरी टाकणारा प्रोग्रॅम, वापरण्याआधी शेअर बाजाराची मंजुरी लागते. ती मिळाली की काळजी मिटली, असं मानणाऱ्यांनी आठवा सर्व्हर आठवावा. मंजुरी अल्गोला असते. तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या जुन्या कोडशेजारी चढवला, हे फक्त चढवणाऱ्यालाच दिसतं.