नामांकितांची मिळकत व तिचे अर्थशास्त्र

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे इंडियन प्रीमियर लीगच्या खेळाडूंचा लिलाव झाला. त्यात ऋषभ पंत यास लखनौच्या संघाने २७ कोटी रुपयांस घेतले. आणि हा आकडा एका हंगामाचा आहे. त्याच लिलावात कित्येक खेळाडू ३० लाख रुपये या किमान बोलीवर गेले. पंत त्यांच्याहून सरस आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु तो नव्वद पटींनी सरस आहे काय? इतरांच्या एका धावेस तो नव्वद धावा काढतो, असे त्याचा परम भक्तही म्हणणार नाही. मग कसबात थोडे अंतर असता मोबदल्यात एवढे अंतर कोठून येते? वर्गात हा प्रश्न वारंवार निघतो, आणि पुष्कळ घरी तो मुलाच्या शिक्षणाचा निर्णय होऊन बसतो. यास्तव त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

आपल्या घनसावंगी तालुक्यातील कापसाची वेचणी सर्वांच्या परिचयाची आहे. तिची मजुरी किलोवर ठरते. एकीने चाळीस किलो वेचले आणि दुसरीने पन्नास, तर दुसरीस सव्वापट मिळते. त्याहून अधिक नाही, उणे नाही. शेतकऱ्यास हवा असतो तो कापूस. तो एका चपळ हाताने वेचला की दोन मंद हातांनी, याची त्याला पर्वा नसते. गाण्याचे तसे नव्हे. दोन मध्यम गवयांच्या मैफली ऐकल्या म्हणून एका उत्तम गवयाच्या मैफलीची भूक भागत नाही. अशा कामात संख्येने गुणाची भरपाई होत नाही, आणि जो किंचित सरस त्याच्याच दाराशी सारे जग लोटते. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ शर्विन रोझेन यांनी १९८१ साली या विषयावर जो निबंध लिहिला, त्यात हे पहिले कारण सांगितले आहे. दुसरे कारण असे की, त्या एकाच मनुष्याचे काम फारसे जादा श्रम न घेता लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचविता आले पाहिजे. ही दुसरी अट जुन्या काळी पुरी होत नव्हती. आपल्याच तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचा दासबोध मठोमठी गेला तो शिष्यांनी हाताने नकला केल्या म्हणून. प्रत्येक नकलेमागे कोणाचे तरी बोट झिजत होते. पुढे छापखाना आला आणि नक्कल स्वस्त झाली.

हे सर्व नीट पाहावयाचे तर आमच्या मते मराठी रंगभूमीकडे वळावे. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात् बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश केला व १९१३ साली गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीने गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ १९१६ साली आले, ‘एकच प्याला’ १९१९ साली. स्त्रीभूमिकेतील त्यांच्या नेसण्याची व दागिन्यांची नक्कल मोठमोठ्या घरांतील स्त्रिया करीत असत. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाकरिता मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाले. त्यात बालगंधर्व भामिनी, तर ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर. नेहमीच्या मानाने तिकिटांचे दर कितीतरी चढे ठेवूनही नाट्यगृह अपुरे पडले. एकेकटे असता जी गर्दी झाली असती तिच्या दुपटीहून अधिक ओढ दोन नामांकित एकत्र आल्याने निर्माण होते, हे त्या रात्री दिसले. केशवराव त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात निवर्तले.

परंतु एवढ्या कीर्तीलाही भिंती होत्या, नाट्यगृहाच्याच भिंती. बालगंधर्व कितीही गोड गायले तरी एका रात्री एकाच गावी गाणार, आणि आवाज पोहोचेल तेवढ्याच खुर्च्या विकल्या जाणार. ते पुण्यास असता सोलापूरच्या रसिकांनी काय करावे? त्यांनी दुसऱ्या मंडळीचे नाटक पाहावे! म्हणूनच किर्लोस्कर, ललितकलादर्श, महाराष्ट्र नाटक मंडळी, दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी, आणि त्यांच्या खालच्या पायरीवरील लहानमोठ्या अनेक मंडळ्या एकाच काळी नांदू शकल्या. दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीच्या नटालाही भाकर होती. इंग्लंडचे आल्फ्रेड मार्शल यांनीही आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात असेच लिहून ठेवले आहे, की मनुष्याचा आवाज ठराविक माणसांपर्यंतच पोहोचत असल्याने गवयाच्या मिळकतीला मर्यादा राहते. मार्शल यांचा तर्क त्यांच्या काळापुरता अगदी बरोबर होता.

ती मर्यादा प्रथम ध्वनिमुद्रिकेने मोडली, आणि मग बोलपटाने. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. आता एकच नट एकाच सायंकाळी पुण्यास, नागपुरास व कोल्हापुरास दिसू लागला, आणि तोही नाटकाहून स्वस्त दरात. नाटक मंडळ्या एकामागून एक बुडाल्या. त्या वाईट नाटके करू लागल्या होत्या म्हणून नव्हे. सोलापूरकरांस आता दुसऱ्या प्रतीवर भागविण्याचे कारणच उरले नव्हते. खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात आपल्या शेजारच्या पैठणच्या एकनाथांची भूमिका केली; परंतु ज्या प्रेक्षकाने त्यांना शालू नेसलेले पाहिले होते त्याचे मन त्या पुरुषवेषात रमले नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीकडे परतले.

त्यांच्या कर्जाविषयी पुष्कळ दंतकथा आहेत. उंची अत्तरे, गालिचे, भरजरी वस्त्रे यांवर पाण्यासारखा पैसा गेला, हे खरे. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा दोष निराळाच दिसतो: एवढ्या मोठ्या बिऱ्हाडाचा, साथीदारांचा, आचाऱ्यांचा व सामानसुमानाचा भार एकाच गळ्यावर टांगला होता. तो गळा बसला की सर्वांची चूल थंड. शेतात एकच पीक घेणारा शेतकरी ज्या धोक्यात असतो, तोच हा धोका होय. १९६४ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. पण सन्मानाने ऋणकोचे दिवस पालटत नसतात.

आता तिसऱ्या कारणाकडे वळू. कीर्ती ही गुणाने मिळते, हे अर्धेच सत्य आहे. ती कीर्तीनेही मिळते. सर्वजण जे पाहतात ते आपणही पाहावे, म्हणजे चारचौघांत बोलावयास विषय होतो, ही मनुष्याची ओढ आहे. अमेरिकेतील मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी २००६ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित मंडळींची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांवर लोकांपुढे ठेवली. श्रोत्यांचे वेगवेगळे गट पाडले व प्रत्येक गटास केवळ आपल्याच गटात कोणते गाणे किती जणांनी उचलले ते दाखविले. निष्कर्ष असा निघाला की, फार चांगले गाणे सहसा तळाला गेले नाही आणि अगदी वाईट सहसा वर आले नाही. परंतु मधली गाणी एका गटात शिखरावर तर दुसऱ्यात कोपऱ्यात! समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विद्वानांच्या जगातील अशाच प्रकारास १९६८ साली मत्तयकृत शुभवर्तमानावरून नाव दिले. ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी मिळते, हा त्यातील भाव. त्या दृष्टांतात मालकाने दिलेल्या रुपयांचा हिशेब मागितला आहे, हे मात्र उद्धृत करणारे पुष्कळदा विसरतात.

नक्कल स्वस्त झाली आणि अमाप पैसा निर्माण झाला. परंतु तो जावा कोणाकडे, हे कलेवरून ठरत नाही, करारावरून ठरते. १९४२ साली दीनानाथांचे निधन झाले तेव्हा थोरली मुलगी लता तेरा वर्षांच्या आत होती व घर चालविण्याकरिता तिने चित्रपटात काम धरले. पुढे त्याच लताबाईंनी १९६० नंतरच्या दशकात असा आग्रह धरला की, एका दिवसाचे मानधन देऊन तबकडी वर्षानुवर्षे विकली जाते, तर त्या विक्रीत गायकाचाही अंश असावा. महंमद रफी यांना हे मान्य नव्हते. एकदा मेहनताना घेतला की गायकाचा हक्क संपला, असे ते म्हणत. कित्येक वर्षे दोघांनी एकत्र गाणे म्हटले नाही. आमचा कौल लताबाईंकडे आहे, आणि २०१२ सालच्या स्वामित्वहक्काच्या दुरुस्तीने कायदाही त्याच दिशेने गेला.

क्रिकेटकडे या दृष्टीने पाहिले तर एक नवलच दिसते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या लीग सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांस गेले. म्हणजे वर्षास सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामाकरिता प्रत्येक संघास खेळाडूंवर १२० कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १,२०० कोटी. सामन्यागणिक मिळणारे निराळे मानधन सोडले, तर केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा हा साधारण आठवा हिस्सा झाला. तेव्हा २७ कोटी ऐकून डोळे विस्फारण्यापूर्वी उरलेले कोणाच्या पेटीत जातात, हेही विचारावे.

पालकांनी मात्र दुसरा आकडा ध्यानात ठेवावा. त्या लिलावाकरिता १,५७४ खेळाडूंनी नावे नोंदविली होती. घेतले गेले १८२, एकूण ६३९ कोटी १५ लाखांस. सरासरी साडेतीन कोटी निघते, परंतु ती सरासरी फसवी आहे, कारण वरच्या मूठभरांनी ती फुगविली आहे. आणि नाव नोंदविणारे हे १,५७४ म्हणजे काही गल्लीतील मुले नव्हेत. जिल्ह्याजिल्ह्यांतून गाळून वर आलेले ते खेळाडू होते.

जालन्याचे विजय झोल यांचेच पाहा. २०११ साली कूचबिहार चषकात आसामविरुद्ध त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४५१ धावा केल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे कर्णधार होते. बंगळूरच्या लीग संघात त्यांस स्थान मिळाले, महाराष्ट्राकडून ते रणजी सामने खेळले. ज्येष्ठ राष्ट्रीय संघाचे दार मात्र उघडले नाही. त्यांच्याच नेतृत्वाखाली त्या विश्वचषकात खेळलेल्या श्रेयस अय्यर यास २०२४ च्या लिलावात पंजाबच्या संघाने पावणेसत्तावीस कोटींस घेतले. ज्याने साडेचारशे धावांची खेळी केली तो अपयशी होय, असे कोण म्हणेल? जिल्ह्याने अभिमान बाळगावा असेच ते कर्तृत्व आहे. पण एकाच तंबूतील दोघांच्या मिळकतीत एवढी दरी पडते, असा हा धंदा आहे. त्याच्या खालच्या पायरीवर, २०२१ च्या दरांप्रमाणे, चाळीसांहून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूस दिवसास ६० हजार रुपये होते. हे उपजीविकेस पुरून उरते, परंतु सामन्यांचे दिवस मोजके आणि खेळण्याची वर्षे त्याहून मोजकी.

उद्योगातही हाच नियम लागू आहे, आणि त्याचे उदाहरण जालन्यातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तेथे महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उत्तम संकरित वाण एकदा सिद्ध झाला की तो लक्षावधी एकरांवर जातो. दुय्यम वाण कोण घेणार? २००२ साली बीटी कपाशीस मान्यता मिळाली, तेव्हा प्रथम मान्य झालेले वाण महिकोचेच होते. परंतु येथे एक फरक आहे. ध्वनिमुद्रिकेची नक्कल यंत्र काढते. संकरित कपाशीचे बी मात्र फुलाफुलास हात लावून तयार करावे लागते, आणि या कामाने पुष्कळ शेतकऱ्यांस व मजूर स्त्रियांस रोजगार दिला. उलटपक्षी सर्वांनी एकच तऱ्हा पेरली की बोंडअळीही तिला सरावते, तसे झालेच. २०१६ पासून केंद्र सरकारने या बियाण्याच्या कमाल किमती ठरविण्यास आरंभ केला. त्या वर्षी ४५० ग्रॅमच्या पाकिटास ८०० रुपये होते. नामांकिताच्या मिळकतीला राजसत्ता अशी वेसण घालू शकते.

शेवटी आमच्या धंद्याविषयी दोन शब्द. एका नामवंत शिक्षकाचा धडा आता भ्रमणध्वनीवर लक्षावधी मुले पाहतात, आणि तो आमच्याहून चांगला असतो, हे कबूल करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. तेव्हा आम्ही नाटक मंडळ्यांच्या वाटेने जाणार काय, असे एका चौकस विद्यार्थ्याने विचारले. पाठ देण्यापुरते कदाचित जाऊही. परंतु तुझ्या वहीतील अपूर्णांकाचे गणित नेमके कोणत्या पायरीवर चुकले, हे तुझ्या शेजारी बसून पाहावे लागते, आणि पुढच्या मुलाशेजारी पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते. त्या कामाची नक्कल अद्यापि निघालेली नाही. त्याचा मोबदला वेचणीसारखाच वहीगणिक. आणि सहामाही परीक्षा झाली की वह्यांचा गठ्ठा चांगलाच जड असतो.