भोकाचं नाणं काय सांगतं?

शिवराई, निजामशाही तांबं, चांदीचे रुपये... नगरच्या (आताचं अहिल्यानगर) नाणीवेड्यांना निवडायला कमी नाही. माझं मन मात्र जडलंय ते फ्रान्सच्या चिल्लरवर!

१, २, ५ आणि १० सांतीमची ही ब्राँझची नाणी १८९८ पासूनची. वजनाचा हिशोब एकदम सोपा, जितके सांतीम तितके ग्रॅम. शंभर सांतीमचा एक फ्रँक. नाण्यावर मारियान, म्हणजे फ्रेंचांची भारतमाताच म्हणा ना. २५ सांतीमचा किस्सा तर धमाल आहे. १९०३चं गोल निकेलचं नाणं चांदीच्या फ्रँकसारखं दिसायचं, घोळ व्हायचा. म्हणून पुढच्याच वर्षी त्याला २२ कडा दिल्या. आपल्याकडे एक-दोन रुपयांच्या नाण्यांनी असाच वैताग दिला होता, आठवतंय?

पण ही चिल्लर नगरमध्ये आली कशी? पहिल्या महायुद्धातून. सप्टेंबर १९१४ मध्ये भारतीय सैन्य मार्सेला उतरलं. पायदळ १९१५च्या अखेरीस फ्रान्समधून हललं, घोडदळ मात्र १९१८पर्यंत तिथेच होतं. हा फरक लक्षात ठेवा.

सावेडीतल्या एका मित्राकडे पणजोबांचा डबा आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट: ते १९१५च्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत लढले आणि लगेच परतले. डब्यात चार ब्राँझची नाणी आणि मधोमध भोक असलेलं एक १० सांतीम. मी वर्ष बघितलं, १९१७. मित्राचा चेहरा पडला. "म्हणजे आजी खोटं सांगत होती?"

तसं नाही. डब्यातल्या पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं होतं, बाजूला २० डेक्कन हॉर्स. म्हणजे घोडदळ! दख्खनी मुसलमानांची भरती होणारी ही पलटण १९१६ला सोमच्या लढाईत घोड्यांवरून चालून गेली होती. आता ती रणगाड्यांवर आहे, आणि आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयाच्या दारावरून तर आपण रोज जातो.

आजीने दोन वर्षं कमी सांगितली होती, एवढंच. मित्राने त्याच रात्री अब्बांना फोन लावला.

तुमच्याही माळ्यावर असा डबा असेल तर एक करा. नाणी चिंचेने नाहीतर पितांबरीने घासू नका. चकचकीत होतील, पण किंमत जाईल आणि पुसट झालेलं वर्षही.