शुगर उतरते, पण कळते का?

‘मला शुगर लो होतच नाही हो,’ असं इन्सुलिन घेणारा माणूस छातीठोकपणे सांगतो, तेव्हा डॉक्टरांनी थोडं सावध व्हावं. खरंच होत नसेल तर उत्तम. पण साखर उतरते आणि त्याला पत्ताच लागत नाही, असं असेल तरीही तो हेच सांगणार.

रक्तातली साखर ७०च्या खाली जाऊ लागली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडतं. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड. ५४च्या खाली मेंदूचं काम बिघडू लागतं. घाम आधी, गोंधळ नंतर असा हा क्रम. साखर वारंवार उतरत राहिली, तर मात्र इशारा उशिरा येतो, फिका पडतो आणि काहींच्या बाबतीत गोंधळच आधी गाठतो. टाइप १ मधुमेहाच्या प्रौढांत साधारण चार-पाच जणांमागे एकाची ही गत असते. (रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची धडधडही दबते, घाम मात्र येतो.)

कोणत्याही नेहमीच्या रक्तचाचणीत हे दिसत नाही, विचारावंच लागतं. एडिंबरामध्ये अ‍ॅन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली एकच प्रश्न वापरला: साखर उतरायला लागली की तुम्हाला कळतं का? नेहमी कळत असेल तर १, कधीच कळत नसेल तर ७. उत्तर ४ किंवा त्याहून जास्त आलं, तर जाणीव बोथट झाली असं समजायचं. अशांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय सावरता न येण्याइतकी साखर उतरण्याचा धोका जवळपास सहापट दिसला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लार्क यांची आठ प्रश्नांची यादी आली. मला ती जास्त पटते, कारण ती आकडा मागते. कितीवर आल्यावर लक्षणं जाणवतात? गेल्या महिन्यात काहीही न जाणवता ७०च्या खाली किती वेळा गेलात? इथं आठवण पुरत नाही, नोंदी लागतात. शिवाय रात्री नवरा असंबद्ध बोलत होता, हे बायकोला ठाऊक असतं. त्याला सकाळी काही आठवत नाही.

दिलासा असा, की दोन-तीन आठवडे साखर अजिबात उतरू दिली नाही, तर हरवलेली जाणीव बरीचशी परत येते, हे १९९३-९४च्या प्रयोगांत दिसलं आहे. त्यासाठी डोस कमी करायचा की जेवणाच्या वेळा बदलायच्या, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पुढच्या तपासणीला ग्लुकोमीटर सोबत न्या आणि घरातल्या एकालाही.